ऑपरेशनचा खर्च आधी कागदावर घ्या

‘किती लागतील?’ असं विचारलं की काउंटरवरून ‘चाळीस-पन्नास हजार धरून चला’ एवढंच कळतं. सोयाबीन विकून तेवढेच आणलेले असतात आणि डिस्चार्जच्या दिवशी बिल निघतं ऐंशी हजारांचं. ही वाढ बहुतेक वेळा पॅकेजबाहेरच्या, म्हणजे ऑपरेशनच्या एकत्र ठरवलेल्या रकमेत न धरलेल्या गोष्टींची असते. म्हणून विचारायचं आणि लिहून घ्यायचं ते हे: पॅकेजात काय धरलेलं नाही?

मांडीचं हाड मोडलंय असं समजा. थिएटर, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि जनरल वॉर्डाचे ठरावीक दिवस साधारणपणे पॅकेजात येतात. रॉड-स्क्रू, रक्ताची पिशवी, औषधं, फिजिशियनची व्हिजिट हे पुष्कळदा वेगळं लागतं. रॉड स्टीलचा की टायटॅनियमचा, कोणत्या कंपनीचा, हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा बिनकामाचा. पेशंट म्हातारा असेल तर आयसीयूचा रोजचा दरही त्याच कागदावर मागा. खाली तारीख, सही, शिक्का. ‘असं लिहून देत नसतो’ म्हणाले तर निदान दरफलकाचा फोटो काढा. राज्याच्या शुश्रूषागृह (खासगी दवाखाने) नोंदणीच्या २०२१च्या सुधारित नियमांनी खाट, सर्जनची फी, भूल, ऑक्सिजन, एक्स-रे अशा १५ बाबींचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलंय. मात्र दर किती असावा, हे नियम ठरवत नाहीत. त्यामुळे एक्स-रे घेऊन त्याच दिवशी दुसऱ्या दवाखान्यातही विचारा, त्यात लाज कसली?

डिपॉझिट भरायच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या दवाखान्यातल्या मदतनीसाला गाठा. दवाखाना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल आणि ते ऑपरेशन यादीत असेल, तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. चौकशीचा नंबर १५५३८८. पैसे भरून मग कार्ड दाखवणं ही नेहमीची चूक. योजना कॅशलेस आहे, भरलेलं परत मिळवताना नाकी नऊ येतात.

अपघात, हार्ट अटॅक असेल तर कागदासाठी थांबू नका. आधी जीव वाचवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ सालीच सांगितलंय. अंदाज पेशंट स्थिरावल्यावर मागा.

बिल फुगलं तर तपशीलवार बिल घ्या, अंदाजाच्या कागदाशी ओळीनं ताडा. उत्तर मिळालं नाही तर महापालिका हद्दीत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.