पात्यावर डबी असलेली ती विचित्र कात्री

कात्रीसारखी दोन पाती, एकावर छोटी चपटी डबी, खाली तीन बुटके पाय. जुन्या वस्तूंच्या दुकानात हिला बहुधा ‘साखर तोडायचा चिमटा’ म्हणतात.

घासूनपुसून चकचकीत करायचा मोह आधी आवरा. खरा पुरावा मळातच असतो. चुंबक लावला तर तो फक्त सांध्याच्या खिळ्याला चिकटला, म्हणजे खिळा पोलादी आणि अंग दुसऱ्या धातूचं. वजन भरलं 212 ग्रॅम. दोऱ्याला बांधून मोजपात्रात पूर्ण बुडवल्यावर पाणी 25 मिलीनं चढलं. 212 भागिले 25 म्हणजे घनता साधारण 8.5 ग्रॅम प्रति मिली, पितळेची असते तेवढीच; अर्थात पितळ. डबीत हवेचा बुडबुडा अडकला तर पाणी जास्त चढतं आणि घनतेचा आकडा खोटा, कमी येतो. म्हणून वस्तू तिरकी धरून, हलवून बुडवायची.

साखर तोडायच्या चिमट्याची पाती जाड आणि आत वळलेली असतात. इथे ती पातळ, सरळ, आणि डबीत काळी भुकटी. टाचणीनं थोडी काढून कागदावर घासली: काजळी, सोबत मेणाचा तेलकट डाग.

म्हणजे ही मेणबत्तीची वात कापायची कात्री. पूर्वीची पिळाची वात ज्योतीत उभीच राहायची, पूर्ण जळायची नाही आणि धूर करायची. कापलेला जळका तुकडा डबीत पडून विझायचा. पायांमुळे तापलेली पाती मेजाला टेकत नसत. एकोणिसाव्या शतकात विणलेली वात आली; ती वाकून ज्योतीच्या कडेला आपोआप जळते, आणि या कात्रीचं काम संपलं.

मेण काढायला गरम पाणी पुरतं. चाकूनं खरवडू नका.