लंबकाचं घड्याळ: टिकटिक जुळवणं, वेळ लावणं आणि काट्यांची दिशा

जुनं चावीचं घड्याळ बंद पडलं की आधी पेटी उघडू नका, टिकटिक ऐका.

घड्याळाला ताकद मिळते गुंडाळलेल्या स्प्रिंगकडून. वेळ मात्र मोजतो लंबक. चाकांना कुणी अडवलंच नाही तर स्प्रिंग भर्रकन उलगडून मोकळी होईल. अडवायचं काम अँकरचं: नांगराच्या आकाराचा, दोन टोकांचा पोलादी तुकडा. लंबक एकीकडे झुकला की अँकरचं एक टोक उचललं जातं, शेवटच्या चाकाचा एक दाता सुटतो आणि लगेच दुसरा दाता दुसऱ्या टोकावर आपटतो. हीच टिक. सुटता सुटता दाता अँकरला किंचित ढकलतो, तेवढ्यावर लंबकाचा झोका टिकतो. साधारण २५ सेंटीमीटरचा लंबक एका सेकंदात जाऊन येतो. म्हणजे सेकंदाला दोन टिक. प्रत्येक दाता दोन्ही टोकांवर एकेकदा अडतो, म्हणून दोन टिकांत चाक एकच दाता पुढे सरकतं: तासाला ३६०० दाते.

टिकटिक लंगडी येत असेल, दोन टिकांमधलं अंतर एकदा कमी, एकदा जास्त, तर घड्याळ थोडा वेळ चालून थांबणारच. पेटी ओळंब्यात आहे एवढ्यावर विसंबू नका. पेटीचं खालचं टोक डावीकडे किंवा उजवीकडे थोडं थोडं सरकवा. आवाज एकसारखा झाला की भिंतीवर पेन्सिलीची खूण करा. तिरकं घड्याळ डोळ्याला खुपत असेल तर अँकरपासून खाली येऊन लंबकाला ढकलणारा जो दांडा असतो, तो वाकवायचा: पेटीचं खालचं टोक ज्या बाजूला सरकवलं होतं, त्याच बाजूला, केसभर. वाकवताना दांडा वरच्या बाजूला बोटांनी घट्ट धरा, नाहीतर जोर अँकरवर येतो.

चावी पूर्ण द्या. जास्त चावी दिल्यामुळे घड्याळ अडकलं, ही समजूत चुकीची आहे; चावी भरलेली असून घड्याळ थांबतं तेव्हा बहुधा जुनं तेल सुकून चिकट झालेलं असतं. आठवड्याच्या घड्याळाला ठरलेल्या वारी चावी द्यावी. प्रत्येक पिळानंतर अटकावाचा खट्ट आवाज येईपर्यंत चावी हातातून सोडू नका.

वेळ लावताना फक्त मोठा काटा फिरवा, तोही पुढेच. टोल्यांचं घड्याळ असेल तर प्रत्येक तासाला आणि अर्ध्या तासाला थांबून टोले पूर्ण पडू द्या. तीन वाजता पाच टोले पडले? बऱ्याच जुन्या घड्याळांत लहान काटा नुसता दाबून बसवलेला असतो. तो पाचावर आणा आणि मग मोठा काटा पुढे फिरवत खऱ्या वेळेपर्यंत या.

घड्याळ मागे पडत असेल तर लंबकाखालची चकती फिरवून गोळा वर घ्या, पुढे जात असेल तर खाली. २५ सेंटीमीटरच्या लंबकात एका मिलिमीटरने दिवसाला सुमारे तीन मिनिटांचा फरक पडतो, एक मीटरच्या लंबकात पाऊण मिनिटाहून थोडा कमी. म्हणून लहान लंबकाची चकती एका वेळी पाव फेराच फिरवा आणि चोवीस तास थांबून फरक मोजा. पोलादी दांडी उन्हाळ्यात लांबते. १० अंश तापमान वाढलं की घड्याळ दिवसाला पाचेक सेकंद मागे पडतं. त्यासाठी चकतीला हात लावू नये.

काटे काढले की तबकडीमागे तास-मिनिटांची जोडणी दिसते. मिनिटाच्या १२ दात्यांच्या चाकाला ३६ दात्यांचं चाक, त्याच्यासोबत फिरणाऱ्या १० दात्यांना ४० दात्यांचं. तीन गुणिले चार, म्हणून तासकाटा बारापट सावकाश. दात्यात दाता बसला की दिशा उलटते. इथे ती दोनदा उलटते, म्हणून दोन्ही काटे एकाच बाजूला फिरतात. मध्ये आणखी एक चाक घातलं तर तासकाटा उलटा फिरेल, वेळ तितकीच अचूक दाखवेल. यंत्राला दिशेचं सोयरसुतक नाही.

दिशा बहुधा आली ती सावलीवरून. उत्तर गोलार्धातल्या आडव्या सूर्यघड्याळावर सावली सकाळी पश्चिमेला, दुपारी उत्तरेला, संध्याकाळी पूर्वेला जाते, आणि यांत्रिक घड्याळं युरोपातली. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवरच्या सूर्यघड्याळात मात्र सावली उलटी फिरते, त्यामुळे सुरुवातीला एकमत नव्हतंच. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये चित्रकार पाओलो उच्चेल्लोने १४४३ मध्ये रंगवलेल्या तबकडीवरचा काटा उलटाच फिरतो. दक्षिण गोलार्धातल्या बोलिव्हियाने २०१४ मध्ये ला पाझच्या संसद इमारतीवरचं घड्याळ मुद्दाम उलटं केलं. मुंबईत सावलीची ही दिशा काठीने तपासायची तर मे मध्य ते जुलैअखेर टाळा: शून्य सावलीच्या (सूर्य माध्यान्हीला थेट डोक्यावर येतो त्या) दोन दिवसांच्या दरम्यानच्या काळात सूर्य माध्यान्हीला उत्तरेकडे असतो आणि उभ्या काठीची सावली दुपारच्या सुमारास दक्षिणेकडून, उलटी जाते. काठी उत्तरेला, क्षितिजापासून १९ अंश उचलून ठेवली तर वर्षभर दिशा बदलत नाही.

काटे परत बसवल्यावर ते एकमेकांना किंवा काचेला घासत नाहीत ना, ते पाहा. घड्याळ रोज ठरावीक वेळी थांबतं त्यामागे अनेकदा हेच असतं. तेल घड्याळाचंच हवं, खोबरेल अजिबात नको. आसांच्या टोकांना सुईच्या अग्रावर मावेल एवढाच थेंब द्या, दात्यांना नाही. तिथे तेल धूळ धरतं आणि दाते झिजवतं. स्प्रिंगचा ताण उतरवल्याशिवाय चाकांच्या पट्ट्यांचा एकही स्क्रू सैल करू नका. भरलेली स्प्रिंग एकदम सुटली तर दाते तुटतात आणि बोटंही फाटतात.