रविवारी लोकलने निघण्यापूर्वी ब्लॉकची सूचना नीट वाचा

मुंबईत मध्य रेल्वेवर रविवारी ‘मेगाब्लॉक’ असतो, म्हणजे देखभाल-दुरुस्तीसाठी काही तास ठरावीक मार्ग बंद ठेवतात; पश्चिम रेल्वे त्याला ‘जम्बो ब्लॉक’ म्हणते. सूचना बहुधा एक-दोन दिवस आधी त्यांच्या एक्स खात्यांवर येते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबू नका, त्यात तारीख नसेल तर तो जुन्या आठवड्याचाही असू शकतो.

सूचनेत आधी दिशा पाहा. सीएसएमटी किंवा चर्चगेटकडे येणारी गाडी अप, तिकडून सुटणारी डाऊन. मग वेळ, आणि घोटाळा इथेच होतो. माटुंगा-मुलुंड ब्लॉक अकराला सुरू होणार असला, तरी सीएसएमटीहून त्याआधीच सुटलेल्या जलद गाड्याही धीम्या मार्गावर वळवल्या जातात. म्हणून ब्लॉकची वेळ नाही, ‘या वेळेत सुटणाऱ्या गाड्या’ असं लिहिलेली ओळ शोधा. हार्बर मार्गाच्या प्रवाशांनी सूचनेचा शेवटचा परिच्छेद सोडू नये. ठाणे-वाशीमार्गे प्रवासाची मुभा असेल, तर ती बहुतेक वेळा तिथेच दिलेली असते. सोबत म्हातारं माणूस असेल तर हे घरीच वाचून घ्या, फलाटावर ऐनवेळी जिने चढायला लावणं फार वाईट.

लांब पल्ल्याच्या गाडीसाठी एनटीईएसवर, म्हणजे गाडी कुठे आहे ते दाखवणाऱ्या रेल्वेच्या अ‍ॅपवर, गाडीचा पाच अंकी क्रमांक टाका, किंवा १३९ ला फोन करा.