बहाव्याचं बी रुजत नाही? या चुका टाळा

बहाव्याची काळी शेंग फोडून हौसेने बी पेरावं, दोन महिने पिशवीला पाणी घालावं आणि कोंबच येऊ नये. मग 'बीच खराब होतं' म्हणत पिशवी रिकामी होते. पुढच्या वेळी ती माती जरा चाळून बघा. बहुतेकदा बी पेरलं तसंच हाती लागतं, कडक आणि चकचकीत. ते जिवंतही असू शकतं, फक्त आत पाण्याचा थेंब पोचलेला नसतो. बाभूळ, शिरीष, गुलमोहर, पांगारा, गोकर्ण यांचीही हीच गत. टरफलातून पाण्याला वाट करून द्यायची, एवढंच आपलं काम.

सगळ्यात जास्त बी वाया जातं ते शिजवल्यामुळे. 'गरम पाण्याची प्रक्रिया' ऐकून लोक बियांसकट भांडं गॅसवर चढवतात. तसं करू नका. पाणी उकळलं की गॅस बंद करा, दोन-चार मिनिटं थांबा, मग ते बियांवर ओता आणि त्यातच रात्रभर निवू द्या. बाभूळ, शिरीष, गुलमोहर यांना हे पुरतं. बहाव्याचं बी मात्र मी घासतेच, कारण गरम पाण्यानंतरही त्यातलं बरंच तसंच कोरडं राहिलेलं पाहिलं आहे.

घासताना जागा चुकते. बी शेंगेला जिथे चिकटलेलं असतं तिथे बारीक ठिपका दिसतो. मूळ त्याच बाजूने फुटतं, म्हणून तिथे नेलकटर लावायचं नाही. विरुद्ध टोक पॉलिश पेपरवर घासा. तपकिरी चकाकी जाऊन खाली फिकट रंग दिसला की हात थांबलाच पाहिजे. मग साध्या पाण्यात टाका. सकाळी पाण्याला वाट झालेलं बी टपोरं फुगलेलं, बोटाला बुळबुळीत लागतं. शेजारचं एखादं कालच्याइतकंच असतं. ते फेकू नका, वेगळं काढून पुन्हा घासा. ही सकाळची निवड बहुतेक जण करतच नाहीत, आणि मग एका पिशवीत रोप तर दुसरी रिकामी.

फुगलेलं बी लगेच पेरायचं. 'आणखी मऊ होऊ दे' म्हणून दोन-तीन दिवस पाण्यात ठेवलं की ते गुदमरून कुजतं, आणि वाळवून ठेवलं तर मरतं. खोली बियाच्या जाडीच्या दुप्पट. माती ओलसर हवी, चिखल नको. पेरल्यावर बी फुगूनही सडत असेल तर घाव खोल गेला का आणि पाणी जास्त होतंय का, हे आधी तपासा. बारीक भोक पडलेलं बी सुरुवातीलाच बाजूला करा. आतला गर भुंग्याने खाल्लेला असतो.

हे उपाय सरसकट करू नका, ही कळकळीची विनंती. जांभूळ, कडुनिंब, आंब्याची कोय यांना घासणं किंवा गरम पाणी नकोच, ती ताजी असतानाच लावायची. सागाचं आपण 'बी' म्हणतो ते खरं तर फळ. ते रात्री भिजवायचं, दिवसा उन्हात वाळवायचं, असं आठवडा-दोन आठवडे चालतं.

दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. गुंजेचं बी फोडलं किंवा घासलं की आतलं जहाल विष उघडं पडतं. घरात मुलं असतील तर त्या वाटेला जाऊच नका. आणि पुस्तकात दिलेली सल्फ्युरिक ॲसिडची पद्धत घरी करायची नाही, संडास साफ करायचं ॲसिड तर नाहीच नाही.

बाभळीचं बी हवं असेल तर शेळ्यांच्या वाड्यात जा. शेळ्या शेंगा खातात, रवंथ करताना बी बाहेर टाकतात, आणि तोवर टरफल बरंच नरम झालेलं असतं. ते वेचून आणा, धुवा, एक रात्र भिजवा आणि पेरा.