दुर्बिणीचा आरसा घासताना या चुका टाळा

पॉलिशला बसून सहा-सात तास झाले. मधला भाग लख्ख झाला, पण कडेची करडी झाक काही केल्या जात नाही. आरसा घासणारे बरेच जण इथे अडकतात आणि नेटाने पॉलिश करत राहतात. तसं करू नका. ती झाक म्हणजे बारीक खड्डे, आणि ते घासण्याच्या वेळीच राहून गेलेले असतात. सिरियम ऑक्साइड, म्हणजे पॉलिशची पावडर, खड्डा भरत नाही, त्याला भोवतालची सगळी काच खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवावी लागते. त्या नादात आकार बिघडतो. सरळ घासण्याच्या मागच्या बारीक पुडीवर (काच घासायच्या दाणेदार भुकटीवर) परत जा. वाईट वाटतं, पण वेळ त्यातच वाचतो.

हे आधीच टाळता येतं. पुडीचा प्रत्येक नंबर (दाण्याची जाडी) संपला की आरसा धुऊन कोरडा करा आणि भिंगातून कडेचा भाग तपासा. मोठे खड्डे दिसले तर काचेच्या मागच्या बाजूने मार्करने खूण करा आणि त्याच नंबरने अजून घासा. आरशाच्या तोंडावर पेन्सिलीने जाळी काढून चार-सहा स्ट्रोक मारले तरी बरंच कळतं: मधल्या रेघा पुसल्या आणि कडेच्या तशाच राहिल्या, तर आरसा आणि टूल (ज्या चकतीवर तो घासतो ती) नीट टेकत नाहीत. मग स्ट्रोक आखूड करा.

चरा उठला की आपण जाड पुडीचा चुकार कण शोधतो. बहुतेकदा तोच असतो; म्हणून नंबर बदलताना बादली, टेबल, फडकी, नखं, सगळं धुवायचं. पण माझ्या १५० मिमीच्या आरशावर चरा आला तो किनारीमुळे. घासता घासता कडेचा तासलेला उतार झिजून गेला होता, बोट फिरवलं तर धार लागत होती, आणि तिथूनच काचेची कपची सुटली होती. उतार दीड-दोन मिमी तरी ठेवा. तो कमी झाला की ओल्या धारेच्या दगडाने पुन्हा काढा.

पॉलिशमध्ये कड खाली वळली असेल, तर पिच (पॉलिशच्या चकतीवरचा डांबरासारखा थर) फार मऊ असतं किंवा स्ट्रोक फार लांब जातात. प्रत्येक बैठकीआधी आरसा पिचवर दाबून ठेवा, पिचमधल्या बुजलेल्या चरी पुन्हा कापा.

फूकोच्या चाचणीची (दिवा आणि पात्याची धार वापरून आरशाचा आकार तपासण्याची) घाई तर नकोच. एफ ८ च्या (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट असलेल्या) १५० मिमी आरशाची मधली खोली जेमतेम १.१७ मिमी असते, आणि प्रकाशाच्या पाव तरंगलांबीची मर्यादा पाळायची तर पृष्ठभागावरची चूक ७० नॅनोमीटरच्या आत हवी. अंगठा अर्धा मिनिट काचेवर टेकवून चाचणीत बघा, तिथे टेंगूळ उठलेलं स्पष्ट दिसतं. हाताच्या उबेने एवढं होतं, तर पॉलिशनंतर तापलेल्या आरशाचं काय! तो पूर्ण निवू द्या, दुसऱ्या दिवशी तपासलात तर उत्तमच. गरम आरशावर दिसलेला दोष ‘दुरुस्त’ केलात तर खरा दोष तयार होतो.

एक दोष मात्र ही चाचणी सहसा दाखवत नाही: दृष्टिवैषम्य, म्हणजे आरशाची वक्रता सगळ्या दिशांनी सारखी नसणं. आरसा सतत थोडाथोडा फिरवत न राहिल्याने किंवा ओबडधोबड फळीवर ठेवून घासल्याने तो येतो. दुर्बिणीतून बघताना तारा फोकसच्या आत-बाहेर केला की लांबट दिसतो आणि लांबीची दिशा काटकोनात बदलते. असं झालं तर आरसा दुर्बिणीतल्या त्याच्या बैठकीत (धारकात) ९० अंश फिरवून पुन्हा बघा. लांबटपणाही फिरला, तर दोष आरशात. जागचा हलला नाही, तर बैठक, दुय्यम आरसा, आयपीस आणि स्वतःचा डोळा तपासा.