नव्या वर्षाचे संकल्प: ३१ डिसेंबरच्या रात्री होणाऱ्या या चुका टाळा

चर्चच्या वर्षअखेरच्या उपासनेत, बाराच्या ठोक्याला गुडघे टेकून केलेला संकल्प बऱ्याचदा फेब्रुवारीही पाहत नाही. भक्ती कमी पडते असं नाही, हिशेब राहून जातो. बायबलमधल्या लूक १४:२८ मध्ये बुरूज बांधू पाहणारा माणूस आधी खाली बसतो आणि खर्चाचा अंदाज घेतो. आपण मात्र उभ्या उभ्या बुरूज जाहीर करतो.

‘यंदा पूर्ण बायबल वाचणार’

सगळ्यात जास्त गळती इथे होते. ६६ पुस्तकांत मिळून १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज सव्वातीन. (कॅथोलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, त्यामुळे रोजचा वाटा आणखी वाढतो.) पहिल्या पानापासून सरळ निघालात तर उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचे ५० अध्याय गोष्टींच्या ओघात संपतात. २४ जानेवारीच्या सुमारास निर्गम या दुसऱ्या पुस्तकाचा २५ वा अध्याय येतो आणि निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात: हात (लांबीचं जुनं माप), कड्या, पडदे, बाभळीचं लाकूड. २८ तारखेला लेवीय हे तिसरं पुस्तक उघडतं आणि तिथून गाडी रुतते. दोष वाचणाऱ्याचा नसतो, क्रमाचा असतो.

पहिल्यांदाच ठरवत असाल तर बायबलचा दुसरा भाग, नवा करार, घ्या. त्याचे अध्याय २६०. सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे ५२ आठवडे धरले की हिशेब बरोबर जुळतो आणि शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला मोकळे राहतात. तेवढंही जास्त वाटत असेल तर मत्तय २८, मार्क १६, लूक २४ आणि योहान २१ मिळून ८९ अध्याय होतात. १ जानेवारीपासून रोज एक वाचलात की मार्च संपायच्या आत चारही शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनाची पुस्तकं, पूर्ण होतात.

पूर्ण बायबलच वाचायचं असेल तर जुना करार, नवा करार आणि स्तोत्रं अशा तीन खुणा ठेवून समांतर वाचा. लेवीयच्या दिवशी सोबत मार्कही असला की तग धरता येतो. स्तोत्र ११९ ला मात्र आठवडा द्या. त्याची १७६ वचनं एका बैठकीत नुसती उरकली जातात.

मागे पडल्यावर होणारी चूक वेगळीच असते. बारा दिवस बुडाले की ३९ अध्याय थकतात आणि माणूस रविवारी ते सगळे ‘भरायला’ बसतो. पाचव्या अध्यायानंतर डोळे नुसते ओळींवरून फिरतात. थकबाकी माफ करा आणि आजच्या तारखेचा अध्याय उघडा. राहिलेल्या पानांवर पेन्सिलीने खूण करून ठेवा, पुढच्या वर्षी तिथूनच वाचता येईल.

मोबाइलवर वाचणाऱ्यांचं बिनसतं ते निराळ्याच कारणाने: अध्याय संपायच्या आत व्हॉट्सअ‍ॅप वाजतं. निदान सकाळपुरतं छापील पुस्तक घ्या आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

पहाटे चारचा तास

आजवर पाच मिनिटं प्रार्थना करणारा माणूस १ जानेवारीपासून तासभर करायची ठरवतो. तिसऱ्या दिवशी डुलकी लागते, चौथ्या दिवशी अपराधीपणा येतो, पाचव्या दिवशी सगळंच बंद. दहा मिनिटांपासून सुरुवात करा: तीन मिनिटं वचन, पाच मिनिटं प्रार्थना, दोन मिनिटं वहीत एक ओळ. जागा आणि खुर्ची ठरलेली असू द्या. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं सात वारांत वाटून घ्या. ३५ नावं असतील तर रोज पाच होतात. सगळी यादी रोज म्हणायला गेलात की ती हजेरीपटासारखी वाचली जाते. महिनाभर हे दहा मिनिटांचं बसणं टिकलं तर पंधरावर जा.

संकल्प करताना नवस करून बसणं

‘नोकरी मिळाली तर वर्षभर दर शुक्रवारी उपास करीन’ हा संकल्प नाही, नवस आहे. नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेलाच बरा, असं उपदेशक ५:५ स्पष्ट सांगतं. देवाशी सौदा करू नका. याकोब ४:१५ मधलं ‘प्रभूची इच्छा असेल तर’ हे शब्द वहीत संकल्पाच्या वर लिहून ठेवा, म्हणजे आजारपण किंवा बदली आली तर योजना बदलायला संकोच वाटत नाही.

उपासाबद्दल आणखी एक. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण सोडू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. टीव्ही किंवा चहा सोडूनही उपास पाळता येतो.

वचनाच्या चिठ्ठीला भविष्य समजणं

अनेक मंडळ्यांत (चर्चमध्ये) नव्या वर्षी बायबलमधल्या एखाद्या वचनाची चिठ्ठी निघते. यिर्मया २९:११ आली की घरात आनंदीआनंद: देवाचे संकल्प आपल्या हिताचे आहेत, म्हणजे यंदा बढती नक्की! पण हे वचन बाबेलात बंदिवान असलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. लगेच आधीच्या वचनात ७० वर्षांचा उल्लेख आहे आणि पाचव्या वचनात घरं बांधून राहा, बागा लावा, असं सांगितलंय. चिठ्ठी मिळाली की तो पूर्ण अध्याय वाचा, मगच ती फ्रिजवर चिकटवा.

दुसऱ्याच्या वाट्याचे संकल्प

‘मुलगा यंदा नियमित चर्चला येईल’ हे तुमचं ध्येय होऊ शकत नाही, ते त्याच्या हातात आहे. ते प्रार्थनेच्या यादीत लिहा. संकल्पाच्या यादीत लिहा: ‘दर रविवारी उपासनेआधी त्याच्यासोबत नाश्ता करायचा, चर्चचा विषय मी काढायचा नाही.’ दुसरा अर्धा भाग पाळायला जास्त कठीण जातो.

दशांश महिनाअखेरी काढणं

२५ तारखेला उरेल त्यातून मिळकतीचा दहावा भाग चर्चला द्यायचं ठरवलं तर उरत काहीच नाही. प्रेषित पौल १ करिंथ १६:२ मध्ये आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिळकतीच्या मानाने बाजूला काढून ठेवायला सांगतो. पगार २८,००० असेल तर २,८०० पगाराच्याच दिवशी वेगळे करा. रोजची कमाई कमीजास्त होत असेल तर आठवड्याचा हिशेब करून काढा. हप्ते थकलेले असताना भरउपासनेत मोठा आकडा बोलून बसू नका. तीन टक्क्यांपासून सुरू करून दर तिमाहीला एक-एक टक्का वाढवणं जास्त प्रामाणिक आहे, असं आम्हाला वाटतं. तुमच्या पाळकांचं मत वेगळं असेल तर त्यांच्याशी बोलून घ्या.

तारीख आणि साहित्य न ठरवणं

पारसाच्या राजाच्या चाकरीत असलेल्या नहेम्याने यरुशलेमेच्या पडलेल्या कोटासाठी किसलेव या यहुदी महिन्यात प्रार्थना सुरू केली आणि राजापुढे तोंड उघडलं ते नीसानमध्ये, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी. राजाने विचारलं तेव्हा त्याच्याकडे परतायची मुदत तयार होती, अधिकाऱ्यांसाठी पत्रं हवी होती, लाकूड कोणाकडून घ्यायचं त्याचं नावही ठाऊक होतं. यरुशलेमेचा कोट ५२ दिवसांत उभा राहिला तो या तयारीवर. तुमच्या प्रत्येक संकल्पापुढे तीन गोष्टी लिहा: कधी, कुठे, कोण विचारणार. विचारणारा माणूस घरचा नको, मंडळीतला असावा. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर पाच मिनिटं पुरतात.

आणि जानेवारीतच सगळं मोडलं तर डिसेंबरची वाट पाहू नका. राखेच्या बुधवारी ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो, तो बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्चच्या दरम्यान कधीतरी येतो. रविवार वगळून ४० दिवस, कॅलेंडरवर ४६. तेवढ्या दिवसांसाठी एकच संकल्प घ्या आणि मार्कचे १६ अध्याय दोनदा वाचा. ३२ दिवस त्यात जातील, उरलेले आठ खाड्यांसाठी.