पहिल्या दोन ओळींत तुमचं नाही, त्यांचं काम दिसू द्या

औसा तालुक्यातल्या आमच्या गावातून मी अपवर्कवर, म्हणजे घरबसल्या परदेशातली कामं मिळवून देणाऱ्या वेबसाइटवर, खातं काढलं. पहिल्या दीड महिन्यात 21 अर्ज केले, एकाचंही उत्तर आलं नाही. आज ते अर्ज वाचते तेव्हा कारण लगेच दिसतं. प्रत्येकाची सुरुवात शाळेत शिकवलेल्या रजेच्या अर्जासारखी: आदरणीय महोदय, मी बी.कॉम. आहे, मला एक्सेल उत्तम येतं, मी कष्टाळू आहे, संधी द्यावी.

तिथे अर्ज करायला कनेक्ट, म्हणजे विकत घ्यायची टोकनं, खर्च होतात. एक कनेक्ट 15 सेंटला पडतो आणि काही कामांना दहा-पंधरा लागतात. म्हणजे अर्ज फुकट नाही. क्लायंटपुढे, म्हणजे काम देणाऱ्यापुढे, मात्र अर्जांची नुसती यादी येते, त्यात आपल्या प्रपोजलच्या, म्हणजे अर्जातल्या मजकुराच्या, सुरुवातीच्या दोनेक ओळीच दिसतात. त्या ओळी 'आदरणीय महोदय'मध्ये संपल्या, तर पुढचं कुणी उघडत नाही.

हे मला उमगलं लातूरच्या मोंढ्यात. वडिलांसोबत सोयाबीन घेऊन गेले होते. खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर घेतो, ओल बघतो, काडीकचरा बघतो आणि मग भाव बोलतो. शेतकरी किती राबला, हे तो विचारत नाही. मी 21 वेळा राबण्याचंच सांगत बसले होते. दाणे दाखवलेच नव्हते.

पण दाखवायला होतं काय? अनुभव शून्य. मग घरातल्या ट्रंकेतून सहा वर्षांच्या मोंढ्याच्या पट्ट्या, म्हणजे मालविक्रीच्या पावत्या, काढल्या. तारीख, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई असं सगळं एक्सेलमध्ये भरलं, पिव्होट टेबल (बेरजांचा गोषवारा देणारा तक्ता) केलं, वर्षनिहाय भावाचा आलेख काढला. व्यापाऱ्यांची नावं तेवढी काढून टाकली आणि ते पोर्टफोलिओत, म्हणजे खात्यावरच्या कामाच्या नमुन्यांत, ठेवलं. नव्या मुलामुलींना मी हेच आधी सांगते: काम मिळेपर्यंत थांबू नका, घरातलंच काम नमुना म्हणून करा. दुकानाची उधारीची वही असेल, बचत गटाचा हिशोब असेल, काहीही चालतं.

पुढचा अर्ज कॅनडातल्या एका दुकानदाराच्या कामाला होता. पुरवठादारांची पीडीएफ बिलं एक्सेलमध्ये हवी होती, जाहिरातीला दोन-तीन बिलं जोडलेली होती. ती मी नीट वाचली. मग साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत जे लिहिलं त्याचा मतलब असा:

"तुमच्या बिलांत तारीख कुठे महिना आधी, कुठे दिवस आधी अशी आहे. ती एकसारखी केल्याशिवाय महिन्याची बेरीज चुकेल. असंच काम मी शेतमालाच्या पावत्यांवर केलं आहे, फाइल सोबत आहे. पहिली 50 बिलं पहिला टप्पा धरू, दोन दिवसांत देते. एक प्रश्न: रद्द झालेली बिलं काढायची की वेगळी ठेवायची?"

त्याच रात्री उत्तर आलं, एका ओळीचं: वेगळ्या शीटवर ठेवा. बोलणं तिथून सुरू झालं. म्हणून शेवटी प्रश्न हवाच, पण काम वाचल्याशिवाय सुचणार नाही असा. एआयकडून आख्खं प्रपोजल लिहून घेतलं की ते इतर दहा जणांसारखंच येतं. व्याकरण तपासायला वापरा, विचार तुमचा असू द्या.

ठरावीक रकमेच्या कामात क्लायंटने त्या टप्प्याचे पैसे एस्क्रोत, म्हणजे काम मंजूर होईपर्यंत पैसे राखून ठेवणाऱ्या खात्यात, भरल्याचं दिसल्याशिवाय हात लावू नका. काम दिल्यावर त्याला तपासायला 14 दिवस असतात. तो गप्प राहिला तरी त्यानंतर पैसे आपल्याकडे वळते होतात. टेलिग्रामवर या, आधी नोंदणीचे पैसे भरा, असं कुणी म्हणालं की तिथेच सोडा. माझ्या मावसभावाचे 2,500 रुपये असेच गेले, आणि ते त्याने ऊसतोडीच्या हंगामात साठवलेले होते.

अर्जाची वेळ मी संध्याकाळची धरते. आपले सात वाजतात तेव्हा टोरांटोत सकाळचे साडेआठ-साडेनऊ असतात, आणि ताज्या जाहिरातीवर गर्दी कमी असते. लाइट नेमकी त्याच वेळी जाते, म्हणून कच्चा मसुदा दुपारीच मोबाइलमध्ये लिहून ठेवते.